कारण मागणाऱ्या साळवेबाई

साळवेबाई संगणकाच्या पडद्यावर फूटपट्टी ठेवून वाचायच्या. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई काहीतरी मोजतायत. लाकडी, बारा इंची, कडा झिजलेली पट्टी डाव्या हातात आडवी धरायची. वाचायची ओळ पट्टीच्या वर, पुढची ओळ पट्टीखाली झाकलेली. एक ओळ वाचून झाली की पट्टी बोटभर खाली. ऑफिसातली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. "मैडम, स्क्रीन पर स्क्रैच आ जाएगा," कुणीतरी म्हणालं. मागे न वळता बाई म्हणाल्या, "आने दो. अभी पढ़ने दो."

दुपारी जेवताना मी मराठीतून बोलले, तेव्हा त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. पोळी आणि शेपूची भाजी होती. दिल्लीत शेपूला सोया म्हणतात, हे मला सहा वर्षं इथे राहून माहीत नव्हतं, ते त्यांनीच सांगितलं. मग पट्टीचं कारणही सांगितलं. "पुढची ओळ दिसत असली ना, की माणूस ही ओळ घाईनं वाचतो. म्हणून झाकते. मुलांचं बोलणं आहे ते, घाई करून कसं चालेल?"

आमचं ऑफिस नोएडात होतं, एका लहानशा संस्थेचं. इंटरनेटवर मुलांना कुणी गाठत असेल, भुलवत असेल, धमकावत असेल, तर आईवडील किंवा शाळा आमच्याकडे तक्रार करत आणि फोनमधले संवाद आमच्याकडे पाठवत. फोटो, व्हिडिओ आमच्याकडे येत नसत, ते थेट पोलिसांतल्या ठरलेल्या माणसांकडे जात. आमच्याकडे फक्त शब्द येत, आणि शब्दही पुरेसे होते. तक्रारी इतक्या असत की वाचणारी माणसं कमी पडत. म्हणून आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक यंत्र तयार केलं होतं. ते सगळे संवाद वाचायचं आणि त्यांना रंग द्यायचं: लाल, पिवळा, हिरवा. लाल संवाद आधी माणसानं वाचायचा, पटला तर पोलिसांकडे पाठवायचा. हिरवा बाजूला राहायचा. ते यंत्र घडवणाऱ्या चौघांपैकी मी एक. परभणीहून शिकायला दिल्लीत आले, मुनिरकात खोली घेतली, आणि नोकरी लागल्यावरही त्याच खोलीत राहिले.

साळवेबाई वाचणाऱ्यांपैकी. त्याही मुनिरकातल्याच, पण मोठ्या रस्त्यापलीकडच्या फ्लॅटमधल्या. त्यामुळे सकाळी मेट्रोच्या बायकांच्या डब्यात आमची रोज गाठ पडायची. मूळच्या नगरच्या. वडील तिथल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. लग्न होऊन दिल्लीत आल्या, नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात. दिल्लीतल्या एका जिल्हा न्यायालयात बाईंनी तीस वर्षं लघुलेखिका म्हणून काम केलं. साक्षीदार बोलणार, न्यायाधीश त्यातलं काय टिपायचं ते सांगणार, आणि बाई ते टाइप करणार. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आमच्याकडे आल्या. रविवारी चर्चला जायच्या आणि उरलेले सहा दिवस आमच्याशी भांडायच्या.

भांडण एकाच शब्दावरून असायचं. "कशावरून?" आमच्या पोरांना मराठी येत नसूनही तो शब्द कळू लागला होता. पहिल्या आठवड्यातच त्या आमच्या प्रमुखांकडे गेल्या. चड्ढासर मूळचे दिल्लीचे, हुशार, मनानं चांगले, पण सतत घाईत. बाईंनी एक लाल संवाद त्यांच्यापुढे धरला.

"ये लाल क्यों है?"

"मैडम, मॉडल बहुत ट्रेन किया हुआ है. उसको पता है."

"पता है तो बताए."

"ऐसे नहीं बताता वो. लाखों चीज़ें देखता है अंदर."

बाईंनी चष्मा काढला. "साहब, लाल तो रंग हुआ. वजह नहीं हुई. कल कोई वकील पूछेगा कि वजह क्या है, तो आप उसको रंग दिखाएँगे?"

चड्ढासर हसले, पण त्या संध्याकाळी मला म्हणाले, "अश्विनी, देखो यार, कुछ हो सकता है क्या?"

करता येण्यासारखं होतं, पण कसं ते मला सुचत नव्हतं. पुस्तकी उपाय बरेच होते. ते आकडे आणि आलेख देत. बाईंपुढे आलेख ठेवला असता तर त्यांनी तो उलटा धरून पाहिला असता. एके दिवशी त्यांच्या शेजारी बसून मी त्यांचं वाचन बघत होते. एका ओळीवर त्या अडल्या, पट्टी वर सरकवून तीच ओळ झाकली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "ही काढली, तर उरलेलं साधं वाटतं. म्हणजे गोम इथेच आहे." मी उठून माझ्या जागेवर गेले. यंत्रालाही तेच करायला लावायचं! संवादातलं एकेक वाक्य झाकायचं, उरलेला संवाद पुन्हा यंत्राला वाचायला द्यायचा, आणि कुठलं वाक्य झाकल्यावर त्याचा संशय उतरतो ते बघायचं. ज्या वाक्यानं संशय उतरला, त्या वाक्याखाली रेघ. रेघ जितकी जाड, तितकं ते वाक्य यंत्राच्या मताला कारण.

ते नीट चालायला तीन महिने गेले. पहिला रेघांचा कागद मी बाईंना दिला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ वाचला आणि म्हणाल्या, "आता भांडता येईल हिच्याशी." यंत्राला त्या बाईमाणूस समजायच्या.

आणि भांडणासारखं निघालंही. आमचं यंत्र 'बेटा' या शब्दावरूनच संशय घेत होतं. आम्ही त्याला शिकवायला जे जुने वाईट संवाद दिले होते, त्यांत फसवणारी माणसं मुलांना 'बेटा, बेटा' म्हणत होती. यंत्रानं तेवढंच लक्षात ठेवलं. या शहरात भाजीवालाही पोरांना बेटा म्हणतो. नातवाला अभ्यासाची आठवण करणारे आजोबा लाल, क्रिकेटच्या सरावाची वेळ कळवणारे सर लाल. इतके महिने आम्ही त्या रंगांवर विसंबून होतो.

बाई म्हणाल्या, "आता जुन्या फायली काढा. ज्या पुढे पाठवल्या, त्या सगळ्या."

मला नको होतं ते. का नको, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाई यायच्या आधी वाचणारे कमी होते, तेव्हा आम्हीही आळीपाळीनं वाचत असू. एका शुक्रवारी दुपारी माझ्यापुढे तीन लाल संवाद उरले होते. तिसऱ्याचं मी पहिलं पान वाचलं, शेवटचं चाळलं, खाली 'वाचलं' असं लिहून सही केली आणि पाठवून दिला. तो फरिदाबादचा होता. आठवीतल्या एका मुलीच्या आईनं तक्रार केली होती, की मुलगी अचानक गप्प झाली आहे, फोन लपवते, काहीतरी बिनसलंय. फोनमधले सगळे संवाद आईनं पाठवले होते. त्यांतला एक शिकवणीच्या सरांबरोबरचा होता. यंत्रानं तो लाल ठरवला. पोलिसांनी त्या सरांना चौकशीला बोलावलं, दोन दिवस बसवून घेतलं, काही न सापडल्यानं सोडलं. एवढं मला नंतर कळलं होतं. त्यापुढे मी विचारलं नव्हतं.

फरिदाबादची फाईल पुन्हा यंत्रात घातली. सगळ्यात जाड रेघ एका वाक्याखाली उमटली: "मम्मी को मत बताना." मला क्षणभर हायसं वाटलं. बाईंनी पट्टी ठेवली आणि वरपासून वाचायला सुरुवात केली. त्या वाक्यापाशी थांबल्या.

"अश्विनी, हे वाक्य कुणाचं आहे?"

मी पाहिलं. ते मुलीचं होतं. गणिताच्या चाचणीत ती नापास झाली होती, आणि सरांना विनवत होती की मम्मीला सांगू नका. सरांनी उत्तर दिलं होतं, "बेटा, बताना तो पड़ेगा. पर मैं साथ में बोलूँगा, डाँट कम पड़ेगी." आमचं यंत्र सगळा संवाद एकसलग वाचत होतं. कोण बोललं याच्याशी त्याला देणंघेणंच नव्हतं. मुलीचं वाक्य त्यानं सरांच्या माथी मारलं होतं, आणि त्यावर माझी सही होती.

"हे वाचलं होतंस?" बाईंनी विचारलं.

"पहिलं पान वाचलं होतं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "बरं. मग आता सांग, मुलगी गप्प का झाली होती? नापास झालेली मुलं महिनोन् महिने फोन लपवत नाहीत. या फाईलमध्ये आणखी काय आहे?"

आणखी एक संवाद होता. मोबाईलवरच्या एका खेळातला, कुणा मैत्रिणीबरोबरचा. यंत्रानं तो हिरवा ठरवला होता, म्हणून तो कुणी उघडलाच नव्हता. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मी शेजारी बसले. तासाभरानं त्यांनी कागद घेतला आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात टिपणं करायला लागल्या. त्यातली काही मला तोंडपाठ आहेत.

'ओळ चौदा: घरी कोण कधी असतं ते विचारलं आहे. दुसऱ्यांदा.'

'ओळ बावीस: आई तुला समजून घेत नाही, असं ही मैत्रीण म्हणते. मुलगी तसं कुठेच म्हणालेली नाही.'

'ओळ एकतीस: रुसणं. मुलीनं दोन दिवस उत्तर दिलं नाही म्हणून. मुलगी माफी मागते.'

'ओळ चाळीस: स्वतःचं वय आधी चौदा सांगितलं, इथे दहावीचा बोर्ड झाल्याचं बोलते.'

एकेक वाक्य सुटं घेतलं तर कुठल्याही दोन मैत्रिणींचं वाटेल. म्हणूनच यंत्र फसलं. ओळीमागून ओळ वाचल्यावर मात्र कुणीतरी मोठं माणूस एका मुलीभोवती हळूहळू भिंत बांधत होतं, ते दिसत होतं. आणि तो संवाद पाच महिने आमच्याकडे होता.

बाईंनी त्याच दुपारी मुलीच्या आईला फोन लावायला लावला. आई म्हणाली, मुलगी आता शाळेतच जात नाही. दुसऱ्या दिवशी आमची समुपदेशिका फरिदाबादला गेली. चार भेटींनंतर मुलीनं तिला पुढचे संवाद दाखवले. मधल्या पाच महिन्यांत त्या मैत्रीचं काय झालं होतं ते मी इथे लिहिणार नाही. शेवटी धमक्या होत्या. मैत्रीण म्हणजे लांबच्या एका शहरातला चाळिशीचा पुरुष निघाला. पोलिसांनी त्याला पकडलं.

त्या आठवड्यात मी राजीनामा लिहिला. मेट्रोत बाईंना दाखवला. त्यांनी तो वाचून घडी घालून परत दिला. मुनिरका आलं तरी त्या उठल्या नाहीत. मीही बसून राहिले. दोन स्टेशनं पुढे जाऊन आम्ही उतरलो आणि फलाटावरच्या बाकावर बसलो. तिथे त्यांनी मला कोर्टातलं एक जुनं प्रकरण सांगितलं. मुलालाही सांगितलेलं नाही, म्हणाल्या.

"कोर्टात एक लहान मुलगी साक्षीला आली होती. सहा-सात वर्षांची. आरोपी शेजारचा. त्याचं म्हणणं, मी यांच्या घरात कधी पाऊल टाकलेलं नाही. वकील न्यायाधीशांशी कुठल्यातरी तारखेवरून बोलत होते. मधेच ती पोरगी, कुणी विचारलं नसताना, माझ्याकडे बघून म्हणाली, 'अंकल की चप्पल हमारे दरवाज़े पर दाईं तरफ़ रहती थी.' ऐकणारी मी एकटीच. न्यायाधीशांनी सांगितलं नाही, म्हणून मी टाइप केलं नाही. आमचा नियमच होता तसा, सांगतील तेवढंच. उठून म्हणता आलं असतं, साहेब, ती काहीतरी बोलली. मी म्हटलं नाही."

"मग?"

"सुटला तो. पुरावा नाही म्हणून."

समोरून गाडी आली, दारं उघडली, मिटली, गेली. बाई म्हणाल्या, "मी राजीनामा दिला नाही तेव्हा. द्यायला हवा होता का, मला माहीत नाही. पण तू दिलास तर तुझ्या जागी नवीन येईल तो पुन्हा पहिलंच पान वाचेल. तुला निदान आता कळलंय, न वाचल्यानं काय होतं. हा कागद फाडायचा की नाही ते तू ठरव. पण त्या शिकवणी घेणाऱ्या मुलाला चिठ्ठी गेली पाहिजे. लेखी."

चिठ्ठीवरून ऑफिसात मोठा वाद झाला. चड्ढासरांची भीती खोटी नव्हती. एकदा लेखी चूक कबूल केली की उद्या खऱ्या गुन्हेगारांचे वकील तीच चिठ्ठी कोर्टात फडकवतील. "मैडम, असली केस भी डूब जाएगी इससे."

"दिखाने दीजिए," बाई म्हणाल्या. "ग़लती छुपाई हुई निकले तो सब डूबता है. लिखी हुई ग़लती पर बहस हो सकती है."

चिठ्ठी बाईंनी सांगितली, मी टाइप केली. हिंदीत, पाच ओळींची. आपल्याविषयी आमच्या यंत्रानं जे म्हटलं ते चुकीचं होतं. त्यानं कुणाचं वाक्य कुणाचं ते ओळखलं नाही. यापुढचं वाक्य सांगताना त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मीच ते टाइप केलं: आमच्या एका कर्मचाऱ्यानं संवाद पूर्ण न वाचता त्यावर सही केली. खाली चड्ढासरांची सही आणि माझी.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी फरिदाबादला गेलो. दीपक त्याचं नाव. चोवीस-पंचवीसचा, सरकारी परीक्षांची तयारी करता करता शिकवणी घेणारा. तीन मजली इमारतीत वरच्या खोलीत राहायचा. पलंगावर पुस्तकांच्या चळती होत्या, पण मुलांसाठीच्या सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या. आम्ही कोण ते ऐकल्यावर त्यानं आम्हाला आत या म्हटलं नाही. दारातच चिठ्ठी वाचली. दोनदा.

"अब इसका क्या करूँ मैं?" तो म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. "सोलह बच्चे आते थे. सबके घरवालों ने ग्रुप में लिखा, इससे दूर रहो. अब मैं किस किसको दिखाऊँ ये?"

मी म्हणाले, ती सही माझी आहे. पूर्ण न वाचता केलेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग नजर वळवली. मला माफ कर असं म्हणण्याचा मला हक्क नव्हता, म्हणून म्हणाले नाही.

बाईंनी त्याला विचारलं, "मकान मालिक नीचे रहते हैं?"

"हाँ."

"पड़ोसी?"

"सब यहीं हैं. छुट्टी है आज."

बाई जिना उतरल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, एका हातानं कठडा धरून एकेक पायरी. खाली चौकात दोन बायका मटार सोलत बसल्या होत्या, घरमालक स्कूटर पुसत होता. चौकाच्या मधोमध उभं राहून बाईंनी चष्मा लावला आणि ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली. कोर्टात साक्ष वाचून दाखवायच्या तशी, सपाट आवाजात, एकही शब्द न गाळता. वरच्या सज्जांतून माणसं डोकावली. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "किसी को कुछ पूछना हो तो पूछ लीजिए. मैं खड़ी हूँ." एका बाईनं विचारलं, "तो लड़के ने कुछ नहीं किया था?" बाई म्हणाल्या, "एक काम किया था. बच्ची से कहा था कि मम्मी को सच बताना पड़ेगा."

घरमालकानं फडका स्कूटरवर टाकला आणि आत गेला. कुणी माफी मागितली नाही. दीपक वरच्या कठड्याला टेकून उभा होता. आम्ही निघालो तेव्हा तो खाली आला, बाईंच्या हातातून चिठ्ठी घेतली, आणि फाटकापर्यंत सोबत चालला. फाटकात म्हणाला, "वो बच्ची ठीक है?" बाई म्हणाल्या, "अभी नहीं." त्यानं मान हलवली. दोन महिन्यांनी त्यानं ती खोली सोडली, एवढंच कळलं. कुठे गेला ते कळलं नाही. चिठ्ठीनं त्याचं भलं झालं असं मी म्हणू शकत नाही.

मी राहिले. यंत्राला कोण बोललं ते ओळखायला शिकवलं. सुटी वाक्यं न बघता सगळा संवाद उलगडत कसा जातो ते बघायला शिकवलं. प्रत्येक रंगासोबत त्यानं आपली कारणं दाखवायची, आणि वाचणाऱ्या माणसानं ती पटली की नाही ते खाली स्वतःच्या शब्दांत लिहायचं, असा नियम झाला. हिरव्यातलेही काही संवाद रोज उघडायचे, असाही. वाचणारे कुरकुरायचे. बाई म्हणायच्या, "लिहा रे. जे लिहिलंय तेच खोडता येतं."

पण त्या दमत चालल्या होत्या. हे वाचन माणसाला आतून पोखरतं. बाकीचे दर सहा महिन्यांनी काम बदलून घेत, बाई घेत नसत. मेट्रोत समोरच्या सीटवर एखादी शाळकरी मुलगी फोनवर हसत टाइप करत असली, की त्या तिच्याकडे इतक्या टक लावून बघत की मुलगी अवघडून जागा बदले. एकदा तर एकीला म्हणाल्या, "किससे बात कर रही हो, बेटा?" मुलीची आई शेजारीच होती, ती तडकली. उतरताना बाई मला म्हणाल्या, "माझंच यंत्र झालंय आता. सगळं लाल दिसतं."

एका बुधवारी त्या चड्ढासरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, आज मी एक फाईल कारण न लिहिता पुढे ढकलली, नंतर लक्षात आलं, परत मागवून लिहिलं. उद्यापासून येणार नाही. चड्ढासरांनी खूप समजावलं. एक दिवस होतं असं, म्हणाले. बाईंचं ठरलं होतं. महिन्याभरात फ्लॅट भाड्यानं देऊन त्या पुण्याला मुलाकडे गेल्या. स्टेशनवर मी सोडायला गेले होते. डब्यात बसल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "डोळे तपासून घे तुझे. फार जवळून वाचतेस."

फरिदाबादचा खटला उभा राहिला तेव्हा यंत्राची माहिती द्यायला मला साक्षीला बोलावलं. आरोपीच्या वकिलानं सुरुवातच तिथून केली. "आपकी मशीन ने इसी केस में पहले एक बेगुनाह आदमी को दोषी बताया था. सही?" मी म्हणाले, सही. "और आपने बिना पढ़े साइन किया था?" मी म्हणाले, सही, ते आमच्या चिठ्ठीत लिहिलेलं आहे. त्यांनी न्यायाधीशांकडे विजयानं पाहिलं. न्यायाधीशांनी मला विचारलं, मग या वेळी तुमच्यावर का विश्वास ठेवायचा? मी म्हणाले, माझ्यावर किंवा यंत्रावर ठेवू नका, प्रत्येक ओळीचं कारण दिलंय, ओळीही दिल्या आहेत, तुम्ही स्वतः वाचून बघा. बाईंच्या टिपणांचा हिंदीत उतरवलेला कागद त्यांच्यापुढे होता. त्यांनी तो वाचायला घेतला. वकील मधे बोलायला लागले तसं त्यांनी हातानं थांबवलं.

बाहेर येऊन मी पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं, अगदी वकिलाच्या कोटाच्या तुटक्या बटणापर्यंत. बाई ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "आणि मुलगी कशी आहे?"

मला माहीत नव्हतं. चार महिन्यांत मी विचारलं नव्हतं. मी ओळी, कारणं, रेघा, तारखा यांच्यातच होते. तसं सांगितलं.

"मग आधी ते विचार," त्या म्हणाल्या. "निकालाचं काय, तो लागेल तेव्हा लागेल."

मी समुपदेशिकेला विचारलं. मुलगी मावशीकडे मेरठला होती, तिथल्या शाळेत जायला लागली होती, फारशी बोलत नव्हती. हे बाईंना कळवायला फोन केला तर त्यांच्या सुनेनं उचलला. आई दवाखान्यात आहेत म्हणाली, छातीत पाणी झालंय. तिनं फोन त्यांच्या कानाशी धरला आणि मी बोलले. पलीकडून श्वास ऐकू येत होता, घरघरता. पाच दिवसांनी त्या गेल्या. मला जाता आलं नाही. मुनिरकातल्या माझ्या खोलीत बसून मी त्यांच्यासाठी काही प्रार्थना म्हणावी असं ठरवलं, पण त्यांची प्रार्थना मला येत नव्हती आणि माझी त्यांना चालली असती का, कळेना. नुसतीच बसून राहिले.

निकाल पुढच्या वर्षी लागला. आरोपीला शिक्षा झाली. ऑफिसात टाळ्या वाजल्या, चड्ढासरांनी समोसे मागवले. मी गच्चीवर गेले आणि मुलीच्या आईला फोन केला. तिला निकाल आधीच कळला होता.

"बच्ची कैसी है?" मी विचारलं.

"स्कूल से आई, खाना खाया, सो गई है," आई म्हणाली. "उठेगी तो बताऊँगी. या शायद आज नहीं बताऊँगी. आज उसका दिन अच्छा गया है."

मी म्हणाले, "सोने दीजिए."